गेम विकत घेतला, पण आपला झालाच नाही! (कोल्हापूरकर गेमरांचा चिडचिड धागा)

पेठेतला_पोरगा (धागाकर्ता) | रविवार, रात्री ११:४०

मंडळी, डोकं फिरलंय म्हणून एवढ्या रात्री लिहायला बसलोय.

गारगोटीचा मामेभाऊ सुट्टीला आलाय, वय वर्षं बारा. त्याला म्हटलं, चल, कॉलेजात असताना आम्ही ज्या गेमवर रात्री काढल्या तो तुला दाखवतो. गाड्यांचा गेम. तेव्हा चौघांनी वर्गणी काढून डिस्क घेतली होती, अगदी गणपतीसारखी, फक्त पावती फाडली नव्हती. माळ्यावरनं कन्सोल काढलं, धूळ पुसली, डिस्क घातली. कंपनीचं चिन्ह आलं, गाणं वाजलं आणि 'सर्व्हरशी संपर्क होत नाही' म्हणून जे थांबलं ते थांबलंच. नेट बघितलं, राउटर बंद-चालू केला, वायरी हलवल्या. शेवटी मोबाइलवर शोधलं तर कळलं, सर्व्हर कधीचाच कायमचा बंद केलाय.

अरे, मी एकटाच रिकाम्या रस्त्यावर गाडी पळवणार होतो. त्याला सर्व्हर कशाला लागतो? पोरगं म्हणतंय, "दादा, मग ही डिस्क ठेवलीस कशाला?" आता ती चहाच्या कपाखाली आहे.

माझ्या गेमचं नाव सांगत नाही, नाहीतर त्या कंपनीचे भक्त धाग्यावर मुक्कामाला येतील. पण युबिसॉफ्टच्या 'द क्रू'चं प्रकरण तर जगजाहीर आहे. डिसेंबर २०१४ ला आलेला गेम, अख्खी अमेरिका गाडीतून फिरायची. एकट्यानं खेळा नाहीतर दहा जणांत, नेट लागणारच. डिसेंबर २०२३ मध्ये विक्री बंद केली, ३१ मार्च २०२४ ला सर्व्हर बंद केले आणि त्यानंतर लोकांच्या खात्यांतनं लायसन्सही काढून घेतलं. दुकान बंद केलं असतं तर समजून घेतलं असतं, इथं घरातलं भांडं उचलून नेलं. अमेरिकेत कोर्टात गेलेल्या गिऱ्हाइकांना कंपनीनं ऐकवलं की तुम्ही गेम घेतलाच नव्हता, वापरायची मर्यादित परवानगी घेतली होती.

मला वाटतं आपण चिडतो ते गेम महाग असतो म्हणून नाही, आणि टुकार असतो म्हणूनही नाही. टुकार गेमला चार शिव्या घातल्या की माणूस मोकळा होतो. आपण स्वतःला तालमीचा सभासद समजत असतो आणि कंपनीच्या वहीत आपण तिकीट काढलेला प्रेक्षक असतो. हे ज्या दिवशी कळतं त्या दिवशी टाळकं सरकतं. तुमचं कधी सरकलं ते सांगा.

---

रंकाळा_रायडर | रविवार, रात्री ११:५८

भावा, माझा विषय फुटबॉलचा.

शाहू स्टेडियमवर पाटाकडील विरुद्ध शिवाजी बघायची, घसा बसेपर्यंत ओरडायचं, आणि अंधार पडला की पार्लरला येऊन कोनामीच्या पीईएस या फुटबॉल गेमवर तीच मॅच परत खेळायची. टीमांची नावं बदलून पेठांची टाकायचो, जर्सीचे रंग पण तेच. कंपनीनं तेवढी मोकळीक दिलेली म्हणून तो गेम आमचा वाटायचा. दुसऱ्या कंपनीच्या फिफा गेमला खऱ्या क्लबांची लायसन्स होती, पीईएसला खेळ होता. यावरनं दोस्तांच्यात हाणामाऱ्या झाल्यात, खोटं सांगत नाही.

आणि २०२१ ला कोनामीनं काय केलं? पीईएस हे नावच पुसलं, 'ईफुटबॉल' म्हणून फुकट वाटायला काढला. ३० सप्टेंबरला आला आणि स्टीमवरचा (पीसी गेमांचं ऑनलाइन दुकान) सगळ्यात वाईट शेऱ्यांचा गेम ठरला. खेळाडूंची तोंडं बघून लहान पोरं भ्यायची. पळताना हात कुठं, पाय कुठं. अर्धवट शिजलेलं ताट पुढं ठेवलं आणि म्हणाले, सावकाश वाढतो. आम्ही काय फुकट मागितलं होतं? वर्षाला पैसे मोजत होतो की आनंदानं.

---

सीडीवाला_राजारामपुरी | सोमवार, सकाळी ८:१०

पोरांनो, तुमचा काका बोलतोय. आमचं पार्लर होतं राजारामपुरीत, सहा टीव्ही, तासाला वीस रुपये. व्हाइस सिटीसाठी शाळा बुडवून आलेल्या पोरांना मी स्वतः परत पाठवलंय. (काहींना. धंदा पण बघायला लागायचा.)

खरं सांगू का, तेव्हा ओरिजिनल कुणीच घेत नव्हतं. पन्नास रुपयांच्या कॉपी डिस्कवर अख्खं गाव खेळलं. त्यामुळं आपण 'आम्ही पैसे मोजलेत' म्हणून छाती काढतो तेव्हा मला जरा हसू येतं. पण गंमत अशी आहे की त्या पन्नास रुपयांच्या चोरीच्या डिस्का माझ्याकडं अजून चालतात. आणि ज्यांनी इमानदारीत स्टीमवर पैसे भरून सॅन अँड्रियास घेतला त्यांच्या गेममधली काही गाणी २०१४ मध्ये अपडेटमधनं काढून टाकली, गाण्यांचे हक्क संपले म्हणून. नोव्हेंबर २०२१ मध्ये रॉकस्टारनं जीटीएचे तिन्ही जुने गेम (व्हाइस सिटी, सॅन अँड्रियास धरून) 'नवीन' करून आणले आणि त्याच्या आधी मूळ गेम दुकानातनं हटवले. नवीन कसा निघाला ते तुम्हाला माहीतच आहे, पाऊस पडला की गाडी दिसत नव्हती. शिव्या पडल्यावर माफी मागून जुने गेम पीसीवर परत विकायला ठेवले.

चोराचा माल टिकला आणि सज्जनाच्या घरचा गेला. याला काय म्हणायचं ते तुम्ही ठरवा.

---

लेथवाला | सोमवार, सकाळी १०:२५

उद्यमनगरात माझं वर्कशॉप आहे. गेम खेळतो, पण तुमच्यासारखा गळा काढत नाही.

धंदा आहे ओ. मी ज्या सॉफ्टवेअरवर पार्टचं ड्रॉइंग काढतो ते पूर्वी एकदा घेतलं की झालं. आता वर्षाचं भाडं भरा, नाही भरलं तर तुमचीच फाइल तुम्हाला उघडत नाही. मी रडत बसलो तर ऑर्डर कोण काढणार? सर्व्हर चालवायला पैसे लागतात. दहा वर्षांनी दोनशे माणसं खेळत असतील तर त्यांच्यासाठी कंपनीनं वीजबिल का भरायचं?

आणि एक विचारतो, राग मानू नका. सायबरपंक बाजारात यायच्या आधी पैसे भरून कोण बसलं होतं? १० डिसेंबर २०२० ला आला, जुन्या प्लेस्टेशनवर अक्षरशः चालत नव्हता, आठवड्याभरात सोनीनं स्वतःच्या दुकानातनं काढून टाकला. मासा पाण्यात असताना त्याचं मोल कुणी केलं? तुम्हीच की. कंपनीला कळून चुकलंय की पोरं आधी पैसे देतात आणि मग शिव्या देतात. शिव्यांचा खर्च शून्य.

---

पेठेतला_पोरगा | सोमवार, दुपारी १:०५

लेथवाले, प्री-ऑर्डरचं मान्य. मीही त्यातलाच. पण सायबरपंकवाल्यांनी नंतर तीन वर्षं राबून तो दुरुस्त केला आणि आज लोक त्याला नावाजतात. म्हणजे आपल्या लोकांचा राग कायमचा नसतो, दुरुस्ती केली की विसरतात.

वीजबिलाचं मात्र पटलं नाही. सर्व्हर जन्मभर चालवा असं कुणी म्हणत नाही. जाताना एकट्याला खेळता येईल एवढं करून जा. फोर्झा होरायझन ४ बघा. गाड्यांच्या कंपन्यांबरोबरचे करार संपले म्हणून डिसेंबर २०२४ मध्ये विक्री बंद केली, पण ज्यांनी घेतला होता ते अजून खेळतात. म्हणजे करता येतं!

---

सई_साळोखेनगर | सोमवार, दुपारी ३:३०

इथं सगळे कन्सोलवाले दिसताय, म्हणून मोबाइलवाल्यांच्या बाजूनं लिहिते. आमच्या पिढीतल्या निम्म्या पोरांकडं कन्सोल कधी नव्हतंच. प्लेस्टेशन ५ आलं तेव्हा किंमत ४९,९९० आणि एकेक मोठा गेम ४,९९९ रुपयांना. तेही जगात नोव्हेंबर २०२० ला आलं आणि आपल्याकडं फेब्रुवारी २०२१ ला. घरात मागायची सोय होती का?

आम्ही पब्जी खेळलो. २ सप्टेंबर २०२० ला सरकारनं बंद केलं. जुलै २०२१ ला बीजीएमआय म्हणून परत आलं, जुलै २०२२ मध्ये दुकानांतनं परत गायब, मे २०२३ मध्ये परत हजर. यातले बंदीचे निर्णय कंपनीचे नव्हते, हे मान्य. पण दोन्ही वेळच्या त्या दहा-दहा महिन्यांत खेळणाऱ्याला कुणी धड काही सांगत नव्हतं. आमच्या ग्रुपमधल्या एकीनं स्पर्धेसाठी कॉलेजचा एक पेपर सोडला होता. तिच्या आईनं तिला जे ऐकवलं ते मी इथं लिहीत नाही.

मला निर्णयापेक्षा त्या गप्प बसण्याचा जास्त राग येतो. चूल पेटली नाही तर घरातली बाई सांगते, आज जेवण उशिरा होईल. हे लोक ताटावर बसवून ठेवतात आणि स्वयंपाकघराचं दार लावून घेतात.

---

रंकाळा_रायडर | सोमवार, दुपारी ३:४१

ताई, शेवटचं वाक्य म्हणजे विषय हार्ड.

---

पुण्यातला_करवीरकर | सोमवार, रात्री ९:५०

घर ताराबाई पार्कात, नोकरी पुण्यात. गेमच टेस्ट करतो, म्हणजे खेळत नाही, मोडतो. कंपनीचं नाव विचारू नका, करारात सही केलेली आहे.

आतली बाजू सांगतो. तुम्हाला वाटतं कंपनी म्हणजे एक माणूस आहे, ज्याला तुमचं काही पडलेलं नाही. आत असं नसतं. गेम बनवणारा वेगळा, विकणारा वेगळा, आणि त्या दोघांच्या डोक्यावर शेअरवाला, ज्याला दर तीन महिन्यांनी आकडा लागतो. अमुक गोष्ट तुटलेली आहे हे आम्ही टेस्टर लोक लिहून देतो. वर तारीख ठरलेली असते. तारीख जिंकते. नंतर सोशल मीडियावर तुम्ही लिहिता, 'यांनी टेस्ट तरी केलं का?' केलं होतं ओ. तुमच्या आधी सहा महिने मला तो बग माहीत होता. रात्री झोप लागत नाही अशा वेळी.

प्रिन्स ऑफ पर्शियाचं उदाहरण बघा. सप्टेंबर २०२० मध्ये 'सँड्स ऑफ टाइम'चा नवा अवतार जाहीर झाला. युबिसॉफ्टच्या पुणे आणि मुंबईच्या टीमा तो करत होत्या. एवढं मोठं नाव इथल्या पोरांच्या हातात पहिल्यांदाच आलेलं. जानेवारी २०२१ ची तारीख दिली होती. ट्रेलर आला आणि ग्राफिक्सवरनं जगभर थट्टा झाली. तारीख पुढं गेली, परत पुढं गेली, मे २०२२ मध्ये काम माँट्रियलकडं गेलं. मी त्या टीममध्ये नव्हतो, पण त्या दिवसांत पुण्यात चहाच्या टपरीवर गेम लाइनमधली माणसं कशी गप्प असायची ते मी बघितलंय. ट्रेलर एवढ्या लवकर दाखवायचा निर्णय त्या पोरांनी घेतला असेल असं तुम्हाला वाटतं का? शिव्या मात्र त्यांना. काही लोक तर 'इंडियन क्वालिटी' म्हणत होते, आणि त्यात आपलेच जास्त.

अजून एक. हाय-फाय रश नावाचा गेम होता, जपानच्या टँगो गेमवर्क्सचा. लोकांना आवडला, एप्रिल २०२४ मध्ये त्याला अॅनिमेशनसाठी बाफ्टा हा ब्रिटनचा मोठा पुरस्कार मिळाला. मे २०२४ मध्ये मायक्रोसॉफ्टनं तो स्टुडिओच बंद करायचं जाहीर केलं. याच मायक्रोसॉफ्टनं सहा-सात महिने आधी अॅक्टिव्हिजन घ्यायला ६८.७ अब्ज डॉलर मोजले होते. चांगलं काम केलं तर वाचतो हा आमच्या लाइनमधला समज त्या दिवशी गेला. (नंतर टँगोला कुणी हात दिला माहितेय? क्राफ्टननं. सईताईंच्या बीजीएमआयवाल्यांनी.)

---

लेथवाला | सोमवार, रात्री १०:१५

हे चांगलं सांगितलंत. आमच्याकडं पण गिऱ्हाईक फौंड्रीच्या माणसाला शिव्या घालतं, आणि घाई केलेली असते खरेदी खात्यानं.

---

वडणगेचा_बाप | मंगळवार, सकाळी ७:२०

मी गेम खेळत नाही. चिरंजीव खेळतात. धागा वाचला, म्हणून बाप मंडळींचं पण सांगतो.

माझ्या फोनवरनं यूपीआय झालं, एकदा नव्हे सात वेळा. रक्कम छोटी, म्हणून लक्षात आलं नाही. पोराला विचारलं तर म्हणतो, "पप्पा, पाकिटं घेतली." आत काय निघतंय ते उघडल्यावरच कळतं म्हणे. चांगला खेळाडू निघाला तर निघाला, नाहीतर परत घ्यायचं. आमच्या वेळी जत्रेत चिठ्ठ्या फोडायचा स्टॉल असायचा, कंगवा निघायचा. तोच प्रकार, फक्त इथं कंगवा पण निघत नाही.

सात पाकिटांचा राग आला, पण त्यापेक्षा जास्त राग याचा आला की पुढच्या वर्षी नवीन गेम आला आणि त्यात ते सगळे खेळाडू शून्य. परत पहिल्यापासनं. हे कायद्यात बसतंय का कुणी सांगेल का?

---

पेठेतला_पोरगा | मंगळवार, सकाळी ९:००

काका, बेल्जियमनं २०१८ मध्ये अशा पाकिटांना जुगार ठरवलं. २०१९ च्या जानेवारीअखेर ईएनं, म्हणजे फिफा गेम काढणाऱ्या कंपनीनं, तिथं पाकिटं घ्यायला लागणारे फिफाचे पॉइंट विकणं बंद केलं. एका छोट्या देशानं डोळे वटारले आणि कंपनी मुकाट बाजूला झाली. आपल्याकडं २०२५ च्या ऑगस्टमध्ये पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन गेमवर बंदीचा कायदा झालाय. पाकिटांचं वकिलाला विचारा, मी उगाच काहीतरी सांगणार नाही.

या भडक्याची सुरुवात ईएच्याच २०१७ च्या स्टार वॉर्स बॅटलफ्रंट २ पासनं. पूर्ण पैसे भरून घेतलेल्या गेममध्ये डार्थ व्हेडर मिळवायला लोकांनी हिशोब काढला तर चाळीसेक तास लागत होते. नाहीतर पाकिटं घ्या. कंपनीनं रेडिटवर उत्तर दिलं की यातनं तुम्हाला कमावल्याचा अभिमान वाटावा असा हेतू आहे. त्या एका उत्तराला सहा लाखांहून जास्त लोकांनी नापसंती दिली. शेवटी पैशाची ही मशीन कंपनीला गेम बाजारात यायच्या काही तास आधी बंद करायला लागली.

लूट केली ती केलीच, पण वर 'तुमच्याच भल्यासाठी' म्हणाले. ते झोंबलं लोकांना.

---

टेंबलाईचा_टिप्या | मंगळवार, दुपारी १२:१२

म्हणजे कोल्हापुरी भाषेत, शाळा करा पण वर शिकवू नका.

---

रंकाळा_रायडर | मंगळवार, दुपारी १२:४०

चर्चा बास. बहिष्कार घालायचा का सांगा. नांदणीच्या महादेवी हत्तीणीला अंबानींच्या वनतारात नेलं म्हणून २०२५ मध्ये जिल्ह्यातल्या लोकांनी जिओची सिम धडाधड पोर्ट केली होती. मोठ्यात मोठ्या कंपनीला गावानं दखल घ्यायला लावली. गेमला का जमणार नाही?

---

सई_साळोखेनगर | मंगळवार, दुपारी १:१५

कारण हत्तीण एक होती आणि गाव एक होतं. इथं जीटीए ६ चं नाव काढलं की बहिष्कारवाले सगळ्यात पुढं रांगेत. आधी २०२५ म्हणाले, मग २६ मे २०२६, मग १९ नोव्हेंबर २०२६. रायडर, तू पहिल्या दिवशी घेणार नाहीस असं अंबाबाईची शपथ घेऊन लिही इथं.

---

रंकाळा_रायडर | मंगळवार, दुपारी १:१७

देवाला मधी आणू नका ओ.

---

पुण्यातला_करवीरकर | मंगळवार, रात्री ८:३०

हसू आलं, पण बहिष्कार अगदीच फुकट जात नाही. २०१३ मध्ये एक्सबॉक्स वन यायच्या आधी मायक्रोसॉफ्टचा बेत होता की जुनी डिस्क दुसऱ्याला देण्यावर बंधनं आणि कन्सोलला ठरावीक वेळानं नेट सक्तीचं. सोनीनं लगेच एक छोटासा व्हिडिओ काढला. एक माणूस दुसऱ्याच्या हातात डिस्क देतो, झालं, असा दुसऱ्याला गेम देतात. लोक इतके पेटले की १९ जूनला सगळं मागं घेतलं.

तीच सोनी मे २०२४ मध्ये हेलडायव्हर्स २ च्या पीसीवाल्यांना म्हणाली, आमचं खातं उघडा नाहीतर खेळू नका. ज्या देशांत ते खातं उघडायची सोयच नाही तिथल्या लोकांनीही गेम विकत घेतला होता. स्टीमवर वाईट शेऱ्यांचा पाऊस पडला, तीनच दिवसांत माघार. द क्रूनंतर 'स्टॉप किलिंग गेम्स' मोहिमेला युरोपात जुलै २०२५ मध्ये दहा लाखांच्या वर सह्या झाल्या. त्याआधीच, सप्टेंबर २०२४ मध्ये, युबिसॉफ्टनं द क्रू २ ला बिननेटचं खेळता येईल असं जाहीर केलं होतं.

या तिन्हींत लोकांनी एकच ठरावीक गोष्ट मागितली होती, म्हणून जमलं असावं. 'कंपनी हाय हाय'ला वरचे लोक आठवडाभर थांबून बघतात, आपोआप शांत होतंय का. बहुतेक वेळा होतं.

---

सीडीवाला_राजारामपुरी | मंगळवार, रात्री ९:०५

तुम्ही सगळे ज्यांनी गेम बंद केला त्यांच्यावर चिडलाय. मी ज्यांनी बनवलाच नाही त्यांच्यावर चिडतो. ईएनं २००६ च्या शेवटी क्रिकेट ०७ काढला आणि त्यानंतर पीसी-कन्सोलसाठी क्रिकेटच सोडून दिलं. आपल्यासारख्या क्रिकेटवेड्या देशाला वाऱ्यावर! तरी पोरांनी हार मानली नाही. आपली आपण नवीन जर्सी, नवीन स्टेडियम, आयपीएलच्या टीमा, सगळं स्वतः बनवून त्यात घालत बसली. एक पैसा न घेता. कंपनी विसरली तो गेम पोरांनी सांभाळला. आणि ते जमलं का, तर त्याला सर्व्हर लागत नव्हता म्हणून.

पेठेतल्या, तुझा मामेभाऊ अजून आहे का इथं?

---

पेठेतला_पोरगा | मंगळवार, रात्री ९:२०

आहे. रविवारी जाणार.

---

सीडीवाला_राजारामपुरी | मंगळवार, रात्री ९:२६

शनिवारी संध्याकाळी घेऊन ये. पीएस२ चालू आहे, लेन्स पुसून ठेवतो. क्रिकेट ०७ आहे, बर्नआउट आहे, कसला सर्व्हर न् कसलं काय. वडणगेवाले, तुम्ही पण चिरंजीवांना घेऊन या. पाकीट-बिकीट काही नाही, तासाचे वीस रुपये पण घेणार नाही.

---

वडणगेचा_बाप | मंगळवार, रात्री ९:४०

येतो. येताना गंगावेशीतनं दूध आणतो सगळ्यांना.

---

पेठेतला_पोरगा | मंगळवार, रात्री ९:४४

काका, आताच्या टीव्हीला ती पिवळी-पांढरी-लाल वायर लागते का?

---

सीडीवाला_राजारामपुरी | मंगळवार, रात्री ९:५१

टीव्ही पण जुनाच आहे रे. वायर मात्र तुझ्या माळ्यावर असली तर घेऊन ये, माझी उंदरानं कुरतडलीय.